आजीचं पोर्ट्रेट: घरच्या ग्रुपवर

दुबईचा दादा: चवथीला सगळे मूळ घरी जमणार. आजीचं पोर्ट्रेट तोवर हॉलमध्ये लागलंच पाहिजे. म्हापशाकडच्या त्या तोंडात ब्रश धरणाऱ्या पेंटरचं काय झालं? कोणी गेलं की नाही?

मी: मी आणि आई जाऊन आलो. जेवणं उरकली की सविस्तर लिहिते.

मडगावची आत्या: पस्तीस हजार म्हणतो असं कानावर आलं. फोटोवरून कॅनव्हास प्रिंट किती स्वस्तात होते गो!

वहिनी: प्रिंट नको आत्या. स्टुडिओवाला सुरकुत्या पुसून आजीला कॉलेजात धाडेल 😄

आत्या: तसं नव्हे. मदतच करायची तर पाच-दहा हजार असेच देऊया. देवाच्या कामाला माझी ना नाही.

मी: आत्या, तिथे मदत हा शब्द काढू नकोस. आई चुकून बोलली, तर तो हसून म्हणाला, "बाय, चित्र पसंत पडलं तर पैसे द्या, नाही पडलं तर चहा घेऊन जा." पस्तीस हजार मलाही आधी जास्त वाटले होते, काम करताना बघितल्यावर नाही वाटले. ब्रशच्या दांड्याला टोकाशी कापड गुंडाळलेलं, दातातून निसटू नये म्हणून. कॅनव्हास आणि नाक यांत जेमतेम ब्रशभर अंतर. त्यामुळे चार-सहा फटकारे मारले की व्हीलचेअर मागे घ्यायची, डोळे बारीक करून बघायचं, परत पुढे. वरच्या भागाला तोंड पोचत नाही, मग भाचा कॅनव्हास उलटा लावून देतो आणि कपाळ, केस उलटेच रंगतात. जबडा आणि मान भरून येते म्हणून दिवसाला दोन-अडीच तासच काम. त्यात आपल्याला 20 × 24 इंच हवं, साडीच्या काठासकट. घासाघीस करायची असेल तर माझ्याकडून होणार नाही.

वहिनी: ती कार्डं-कॅलेंडरं पाठवणारी संस्था असते ना, त्यातला आहे का?

मी: अजून नाही, अर्ज करणार म्हणाला. ती संस्था अशाच चित्रकारांची, 1956 ची, मुख्यालय लिक्टेनस्टाइनला. तेही देणग्यांवर नाही, चित्रं छापून विकण्यावर चालतात.

धाकटे काका: एक विचारू? चित्राच्या मागे तो बायबलचं वचन लिहितो म्हणे. आपलं चित्र देवघरासमोर लागणार.

मी: लिहितो, काका. कामाला बसण्याआधी प्रार्थना करतो, रविवारी ब्रश धरत नाही. आपल्याला नको असेल तर लिहिणार नाही, हे त्याने स्वतःहूनच सांगितलं.

मोठे काका: लिहू दे रे! आई म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे चर्चमधल्या मारियेच्या, फेस्ताला तेल घेऊन जायची, विसरलास? शिरगावची लईराई देवी आणि सायबीण बहिणी, हे तुला तिनेच सांगितलेलं. आणि आपले गोंयचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका, त्यांनी मारियेला साडी नेसवून रंगवलं, त्याला जमाना झाला. पर्वरीच्या झेवियर सेंटरला, त्या इतिहास संशोधन केंद्रात, त्यांची चित्रं आहेत, जाऊन बघ एकदा.

धाकटे काका: 🙏 बरं बरं.

दादा: मग ठरलं. त्याच चित्राची कॅलेंडरं छापून सगळ्यांना वाटू. चालतं ना?

वहिनी: चालतं. पैसे देऊन पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसला तर कॉपीराइट आपला. 1957 च्या कायद्याचं कलम 17. पण त्याची सही कापायची नाही आणि नंतर दुसऱ्याकडून चेहरा 'सुधारून' घ्यायचा नाही, त्याला कलम 57 आडवं येतं. त्याला नमुना म्हणून चित्र दाखवायचं असेल तर दाखवू दे. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे चित्र हातात आल्यावर. साध्या कागदावर लिहून दोन्हीकडे एकेक प्रत. कागद मी करते.

मी: चवथीचं मात्र अवघड आहे. त्याला ऑइलच हवंय आणि पावसात ऑइल वाळता वाळत नाही. चित्र लागेल, वार्निश नंतर. सहा महिने तरी थांबायला सांगितलंय. वर काच लावायची नाही, फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावायचे म्हणजे हवा खेळते. आणि दादा, तू म्हणतोस ती पश्चिमेची भिंत नको, दर पावसाळ्यात तिला ओल येते. बुरशी धरेल.

दादा: मग जिन्याजवळची?

आई: ती चालेल. त्याने मला फोटोपेक्षा आजीबद्दलच जास्त विचारलं. सकाळी उठून काय करायची, रागावली की कशी दिसायची. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून साडी प्रत्यक्ष बघायला मागतोय. आणि केसातली अबोलीपण.

मी: फोटो स्कॅन करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा कोणीतरी. इथे नुसता टाकला की बारीक होतो.

आत्या: ती साडी माझ्याच कपाटात आहे. शनिवारी आणते. आणि अबोली घरच्या परसातली न्या, बाजारातली भडक असते. आईने ती कधी माळली नाही.