विषय: झावळ्यांच्या रविवारी मुलांची प्रार्थना, हातांना काय काम द्यायचं?

नमस्कार मंडळी,
झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी (पाम संडे), दुपारी आपली मराठी उपासना आहे. पाळकसाहेबांचा संदेश चालू असताना पाच ते दहा वर्षांची मुलं मागच्या हॉलमध्ये माझ्याकडे असतील. रंगवायची चित्रं दहा मिनिटांत उरकतात, मग खुर्च्यांची आगगाडी सुरू होते. हाताला काम आणि प्रार्थना दोन्ही होईल असं काही सुचतंय का? बहुतेकांना मराठी कळतं, बोलता येत नाही.
– आ. सा.

---

ताई,
आमचा भाग म्हणजे ‘मेसी चर्च’चं माहेर. 2004 साली इथेच, पोर्ट्समथजवळच्या काऊप्लेनमध्ये ते सुरू झालं. हस्तकला, छोटीशी उपासना, मग सगळ्यांचं एकत्र जेवण. छान असतं, पण कधी कधी डिंक आणि चमकीचाच पसारा होतो, प्रार्थना राहते बाजूला. मला विचाराल तर हातातलं काम हीच प्रार्थना व्हायला हवी.

भाकरी थापायला द्या! ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ मुलांना पाठ असतंच. ज्वारीचं पीठ गुजराती दुकानात ‘जुवार’ नावाने मिळतं. उकड काढून, मळूनच न्या, म्हणजे उकळत्या पाण्याची भानगड नको. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा आणि पीठ भुरभुरलेलं ताट. थापून झालं की एकेक बोट दाबायचं. अंगठा आपल्या सर्वांत जवळ, तो घरच्यांसाठी. पहिलं बोट शिकवणाऱ्यांसाठी आणि डॉक्टर-नर्ससाठी, सगळ्यांत उंच मधलं राज्यकर्त्यांसाठी. अनामिका दुबळी, म्हणून आजाऱ्यांसाठी. करंगळी स्वतःसाठी. पाच बोटांची ही प्रार्थना संडे स्कूलवाल्यांना नवी नाही, फक्त ती कागदावर हात गिरवून करतात.

नावं मोठ्याने घ्यायची सक्ती करू नका. आमच्याकडे एकाने करंगळी इतकी रेटली की भाकरीला भोक पडलं. विचारलं तर म्हणाला, “दात दुखतोय.” मग त्याच्या दातासाठी सगळ्यांनी पुन्हा करंगळ्या दाबल्या.

आणि हो, कडा चिरल्या म्हणून आज्ज्यांनी मध्ये पडायचं नाही, आधीच बजावून ठेवा.
– र. गा., पोर्ट्समथ

---

कल्पना झकास, पण तव्याच्या धुराने अलार्म वाजला तर अख्खी उपासना पार्किंगमध्ये! खिडक्या उघडा, वॉर्डनला आधी कळवा. शेगडीजवळ फक्त मोठे, आणि मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं. ज्वारीत ग्लूटेन नसतं, तरी पाकीट नीट वाचा, त्याच गिरणीत गहूही दळलेला असू शकतो.
– वि. प., सभागृह समिती

---

सगळ्यांना एकदम परात पुरणार नाही. थांबलेल्यांसाठी एका ट्रेमध्ये कोरडी वाळू ठेव. ज्याबद्दल वाईट वाटतंय ते बोटाने लिहायचं किंवा काढायचं आणि तळव्याने पुसून टाकायचं. कुणी डोकावायचं नाही, शिक्षकांनीही नाही. शेवटी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन घे नि पोरांच्या हातात टाळ दे. शब्द येवोत न येवोत, ठेका धरतातच.
– जॉ. काका

---

काका, टाळ कुठून आणू? पीठ आणि ताटं जमतील.
– आ. सा.

---

गणपतीच्या खोक्यात सहा जोड्या आहेत, शनिवारी घेऊन जा. मोजून परत करा, गेल्या वर्षी आरतीनंतर एक जोडी कुणाच्या तरी डिकीतून लंडन फिरून आली.
– मंडळाचे कोठारी