डोअरबेलला मांजर आणि माणूस यातला फरक कळावा म्हणून काय करू? मदत हवी आहे

व्हिडिओ डोअरबेल बसवून आठवडा झाला. आमची दोन मांजरं रात्रभर उंबऱ्यापाशी येरझाऱ्या घालतात आणि फोन सारखा वाजत राहतो. काल नुसती शेपटी लेन्ससमोरून गेली, तरी क्लिप तयार!

सेन्सिटिव्हिटी कमी केली, तर आई दारात उभी राहिली तरी सूचना आली नाही. याची मला खरंच काळजी वाटते, कारण बेल तिच्यासाठीच घेतली होती. सेन्सर उष्णता टिपणारा आहे, त्यामुळे अगदी जवळ आलेलं मांजरही त्याला मोठं वाटत असणार. मोशन झोनमधून (बेल जिथली हालचाल टिपते त्या भागातून) खालची पट्टी वगळली, पण ती कठड्यावर चढून बसतात.

'फक्त माणूस' हा पर्याय अंधारात भरवशाचा आहे का? की बेल १२० सेंटिमीटरवरून आणखी वर घेऊ? ज्यांच्या घरी मांजरं आहेत त्यांनी आपली सेटिंग कृपया सांगा.