वाड्यासाठी छोटं सोशल नेटवर्क: दीडशे माणसं, दिवसातून एकदाच टपाल. बांधण्याआधी मतं हवीत

सोप्यावरचा (डिचोली)

चवथीला आमच्या वाड्यावर घरोघरी आरत्या होतात. घुमट, शामेळ, कांसाळें ही वाद्यं घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात, मध्यरात्र उलटेपर्यंत. ज्या काकांनी आम्हा पोरांना घुमटावर हात कसा ठेवायचा ते शिकवलं, ते यंदा नव्हते. विचारलं तेव्हा कळलं, दोन महिने अंथरुणाला खिळून आहेत.

वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही दोनशे बारा जण आहोत. घरी येऊन मागचे मेसेज चाळले. त्यांच्या मुलाने आजारपणाचं लिहिलं होतं. खाली एकोणतीस जणांनी हात जोडले होते आणि त्यात एक मी होतो. मला आठवतही नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून आम्ही तिघांनी वाड्यासाठी वेगळं, छोटं नेटवर्क बांधायचं ठरवलं आहे. तिघांतला एक जण ॲप लिहू शकतो.

माझ्या मते दुखणं असं आहे. मोठ्या नेटवर्कांचा पैसा जाहिरातींतून येतो, म्हणजे आपण तिथे किती वेळ रेंगाळतो त्यातून. फेसबुकवर २००६ मध्ये न्यूज फीड, म्हणजे सगळ्यांचं लिखाण एकाखाली एक दाखवणारी यादी आली, २००९ मध्ये लाइकचं बटण. कितीही सरकवलं तरी न संपणारं पान अझा रास्किन या डिझायनरने २००६ च्याच सुमारास तयार केलं, आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. माणसांची बैठक कधीतरी संपते, कुणीतरी दिवा मालवतं आणि सगळे घरी जातात. इथे दिवा मालवणारंच कुणी नाही.

आमचा आराखडा: माणसं दीडशेच. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ मध्ये माकडा-वानरांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपाचा आकार यांचा संबंध मांडला, त्यातून माणूस साधारण दीडशे नाती सांभाळू शकतो हा आकडा आला. दिवसभर लोकांनी लिहायचं, पण ते सगळं एकत्र करून संध्याकाळी सातला एकदाच पोचेल. वाचून झालं की पान संपलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात फ्रंट पोर्च फोरम नावाचं शेजाऱ्यांचं नेटवर्क साधारण अशाच रीतीने चालतं; तिथेही लोक खऱ्या नावाने लिहितात. आमच्याकडे लाइक नाही, फॉरवर्ड नाही, जोडलेले हात नाहीत. काही म्हणायचं असेल तर शब्दांत म्हणा. खरं नाव आणि घर सांगणं सक्तीचं. जाहिरात नाही, घरटी वर्षाला वर्गणी.

यात कुठे चुकतं आहे ते सांगा.

दर्यावर्दी

मी मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये आहे, सहा-सात महिने सलग. दिवसातून एकदाच टपाल, हे मला मनापासून आवडलं. आमच्या घड्याळाचा तुमच्या घड्याळाशी मेळ नसतो. ग्रुपवर चारशे मेसेज साठलेले पाहिले की मी न वाचताच बंद करतो. एकच पान आलं तर ते पूर्ण वाचेन.

पण हात जोडणाऱ्यांवर एवढा राग नको. बारा ते चारचा वॉच (पाळी) संपवून वर येतो तेव्हा अंगात शब्द उरलेले नसतात. बायकोने मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो टाकला, मी फक्त एक अंगठा दाबला. तिला त्याचा अर्थ कळला: जिवंत आहे, पाहिलं, आठवण आली. तेवढंही काढून घेतलंत तर माझ्यासारखे लोक गप्प होतील, आणि गप्प माणूस हळूहळू यादीतून जातो.

कुळागरी

पर्वरीत सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून भावनेपेक्षा हिशेब आधी मांडतो. दीडशे माणसं म्हणजे फार तर चाळीस घरं. घरटी पाचशे रुपये धरले तरी वर्षाला वीस हजार. सर्व्हर त्यात सहज बसेल. पण रोज संध्याकाळी सातच्या आत सगळं वाचून, भांडण लावणारं बाजूला काढून, टपाल बांधणारा माणूस कोण? पहिलं वर्ष उत्साहात जाईल. तिसऱ्या वर्षी त्याचं लग्न होईल किंवा त्याला दुबईत नोकरी लागेल. तुम्ही उदाहरण दिलेलं व्हरमाँटचं नेटवर्कही नुसत्या वर्गणीवर चालत नाही, स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती घेतं.

हा प्रयोग झालेलाही आहे. २०१० मध्ये पाथ नावाचं ॲप आलं, त्यात पन्नासच मित्रांची मर्यादा होती. पुढे मर्यादा वाढवत न्यावी लागली आणि २०१८ मध्ये ते बंद पडलं. गूगलचं ऑर्कुट हे नेटवर्क तर आपल्यातल्या कितीतरी जणांनी वापरलं. ३० सप्टेंबर २०१४ ला तेही मिटलं. माझे कॉलेजचे स्क्रॅप, म्हणजे मित्रांनी तिथे लिहिलेले निरोप, गेले. तेव्हा पहिला नियम हा लिहा: बंद पडेल त्या दिवशी प्रत्येकाला आपलं लिखाण घेऊन जाता आलं पाहिजे.

आणि दीडशेच्या कुंपणाला माझा सरळ विरोध. डनबारच्या आकड्यावर संशोधकांतच वाद आहेत. उलट मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नोकरीची खबर बहुतेकदा जिवलगाकडून येत नाही, तोंडओळखीच्या माणसाकडून येते. जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. मला पहिली नोकरी वास्कोच्या अशा माणसामुळे मिळाली ज्याचं आडनाव मला आज सांगता येणार नाही. तुमच्या वाड्यातल्या बेकार पोराला तुमचं नेटवर्क बाकी वाडाच दाखवणार.

मास्तर (निवृत्त)

वाद माणसं किती आणि टपाल कितीदा यावर चालला आहे. नातं त्याने होत नाही. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये तास मोजले. तोंडओळखीचा साधा मित्र व्हायला सुमारे पन्नास तास एकत्र जावे लागतात, खरा मित्र व्हायला नव्वद, जिवलग व्हायला दोनशेहून अधिक.

आता आपल्या जत्रेच्या नाटकाकडे बघा. तालीम दीड महिना, रात्री नऊ ते बारा. पंचेचाळीस गुणिले तीन, एकशे पस्तीस तास. कुणीही आराखडा न काढता गावागावांत वर्षानुवर्षं हे चाललं आहे. मी चाळीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. त्या विंगेत अंधारात माझ्या शेजारी उभे राहिलेले लोक आज माझ्या दारात न विचारता येतात, कारण विचारण्याची गरजच उरलेली नाही.

वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन असतं. पहाटे तीनची पाळी ज्या मंडळाची, त्या मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की आपण उठलो नाही तर खंड पडेल. आपल्यावाचून अडतं, हे माणसाला कळायला हवं. तुमचं नेटवर्क बातम्या वाटणार असेल तर ते आणखी एक वर्तमानपत्र होईल. पाळ्या वाटणार असेल तर मी वर्गणी आज देतो. त्या काकांकडे सोमवारी कोण बसणार, त्यांचं औषध म्हापशाहून कोण आणणार, एवढंच त्यात असू दे.

नवी_बॅच

मी एकोणीस वर्षांची आहे. सातला एकदाच टपाल या नियमाला माझा विरोध आहे. माझ्या मैत्रिणीने रात्री दोन वाजता मला लिहिलं होतं की तिला जगावंसं वाटत नाही. मी जागी होते म्हणून तिच्याशी बोलत राहिले आणि बोलता बोलताच तिच्या ताईला फोन लावला. ते लिखाण मला संध्याकाळी सातला मिळालं असतं तर? मोठी माणसं म्हणतात, फोनवर खरं काही नसतं. आमचं सर्वांत खरं बोलणं तिथेच झालं आहे.

माजघरातून (फोंडा)

सोप्याचं, म्हणजे घरापुढच्या ओसरीचं, कौतुक मी लहानपणापासून ऐकते. सोप्यावर कोण बसायचं ते कुणी सांगत नाही. पेडण्याच्या आमच्या घरी सोप्यावर बाबा, काका आणि वाटेवरून जाणारे पुरुष. आई आणि काकी माजघरात. त्यांना सोप्यावरचं सगळं ऐकू यायचं, त्यांचं सोप्यापर्यंत पोचत नसे. आणि काही माणसं तर अंगणातच उभी राहून बोलायची, त्यांना पायरी चढू देत नसत. तुमच्या नेटवर्कात ‘खरं नाव आणि घर’ सक्तीचं केलंत की ही पायरी तशीच्या तशी आत येते. नाव वाचताच कुणाचं म्हणणं ऐकायचं ते आधीच ठरलेलं असेल.

सहा वर्षांपूर्वी माझं लग्न मोडलं. वाड्यावरच्या प्रत्येकाला माझं नाव, माझं घर, बाबांचं नाव माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांतल्या एकालाही मी खरं सांगू शकले नाही. ज्या तिघींना सांगितलं त्यांची नावं मला आजही ठाऊक नाहीत. एका ठिकाणी आम्ही बायका टोपणनावाने लिहायचो. त्यांतली एक रोज रात्री साडेदहाला विचारायची, “जेवलीस?” आठ महिने, एकही रात्र न चुकता. मास्तर, तुमचे तास मला मान्य आहेत, ते आमचेही भरले. फक्त तोंड न पाहता भरले.

सोप्यावरच्या दादा, तुम्हाला गावातलाच नमुना हवा असेल तर सोपो सोडा, मांड घ्या. पौषात आमच्याकडे धालो होतात. ठरावीक रात्री, ठरावीक अंगणात (तोच मांड), फक्त बायका. पुरुषांना तिथे मज्जाव. जी वर्षभर सासूसमोर तोंड उघडत नाही ती तिथे गाते, खेळते, हवं ते बोलते. मांडावर कोण आहे ते प्रत्येकीला माहीत असतं आणि शेवटच्या रात्रीनंतर मांड मोडतो. सोप्यावर बोललेलं वाटेवरच्या कुणाच्याही कानावर पडतं. माझं बोलणं कुणाच्या कानावर पडणार ते मला आधी कळलं, तरच मी बोलेन.

सोप्यावरचा (डिचोली)

बाय, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पायरीचं मला सुचलंच नव्हतं, आणि ते सुचलं नाही याचं कारणही तुमच्याच लिहिण्यात आहे.

मास्तरांच्या पाळ्या घेतो, तोच आता मधला खांब. दर्यावर्दीसाठी ‘वाचलं’ अशी एक खूण ठेवू. ती ज्याने लिहिलं त्यालाच दिसेल, तिची बेरीज कुठेही होणार नाही. नवी बॅच, तुझं म्हणणं बिनतोड आहे. टपाल सातलाच येईल, पण एकाने एकाला लिहिलेलं तत्काळ पोचेल. कुळागरी, लिखाण घेऊन जाण्याचा नियम लिहून टाकला. दीडशेवर मात्र मी ठाम आहे. नोकरीच्या खबरीसाठी बाहेरची नेटवर्कं आहेतच, तीही वापरावीत. आजारी माणसाचं दार ठोठावण्यासाठी मला वाडाच हवा.

टोपणनावावर अडचण आहे. दीडशे माणसांत कोण कसं लिहितं ते दोन दिवसांत ओळखू येईल. झाकलं आहे असं सांगून झाकता आलं नाही, तर ते जास्त वाईट.

कुळागरी

एक धोका राहिलाच. पाळ्या केलेल्यांची यादी कुणी लावू नका. फेसबुकने २०१८ मध्ये घरच्यांच्या आणि मित्रांच्या संवादाला वर आणायचं म्हणून प्रतिसादांना वजन दिलं. त्यामुळे चिडवणाऱ्या मजकुराचं फावलं, असं त्यांच्याच अंतर्गत कागदांतून २०२१ मध्ये उघड झालं. हेतू चांगलाच सांगितला होता. तुम्ही जे मोजाल त्याच्या मागे लोक धावतील. कोण किती वेळा काकांकडे बसलं याची बेरीज दिसू लागली की गणपतीच्या वर्गणीच्या फळ्यासारखं होईल, आणि काकांना आपण कुणाच्यातरी आकड्यात भर घालतो आहोत हे कळेल.

मास्तर (निवृत्त)

कुळागरींशी सहमत. रंगपटात कोण किती वेळा आला हे आम्ही कधी लिहून ठेवलं नाही. न आलेल्याच्या घरी मात्र दुसऱ्या दिवशी माणूस जायचा.

माजघरातून (फोंडा)

टोपणनाव वाड्यात टिकणार नाही, हे खरं. मग ते वाड्यात ठेवूच नका. पाच-सहा गावांतल्या बायकांचा एक वेगळा मांड करा, एका गावातल्या दोघींहून अधिक नकोत. तिथलं काहीही वाड्याच्या टपालात यायचं नाही. आणि ठरावीक दिवसांनी तो मांड मोडायचा, लिहिलेलं पुसून टाकायचं. कुळागरींचा लिखाण घेऊन जाण्याचा नियम तिथे लावू नका. एकीने सगळं उचलून नेलं तर बाकीच्यांचं काय?

आणखी एक. टपाल बांधणारा सगळ्यांचं सगळं आधी वाचणार. एकाने एकाला लिहिलेलं तो वाचू शकेल का? चावी कुणाकडे? तुम्ही तिघे म्हणालात. तिघेही पुरुष का?

सोप्यावरचा (डिचोली)

हो. तिघेही.

एकाने एकाला लिहिलेलं त्या दोघांखेरीज कुणालाच वाचता येऊ नये अशी कुलूपबंद रचना करता येते. ती झाल्याशिवाय सुरू करणार नाही. बायकांच्या मांडाची चावी आम्ही हातात घेणार नाही, तो बांधायचा की नाही हेही बायकाच ठरवतील. वाड्यावर आज संध्याकाळी वहिनीला आणि अंगणवाडीच्या बाईंना विचारतो.

पाळ्यांना ॲपची वाट बघत नाही. काकांच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे. सोमवार मी, बुधवार शेजारचा पोरगा. गुरुवार अजून रिकामा आहे.

दर्यावर्दी

डिसेंबरात उतरतो. गुरुवार माझ्यासाठी ठेवा. तोवर माझा भाऊ बसेल, त्याला आत्ताच लिहिलं.