पिंजरागाडी की वाघीण?

मुलांच्या अंकासाठी अमेरिकेतल्या जुन्या सर्कशींवर लिहिते आहे. विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावी रिंगलिंग बंधूंचा हिवाळी तळ असे. तिथे १९५९ पासून सर्कशीचं संग्रहालय आहे आणि २००हून अधिक जुन्या गाड्या जपलेल्या आहेत. त्यांतल्या वाघसिंहांच्या गाडीला, म्हणजे 'केज वॅगन'ला, मराठीत काय म्हणावं? कोशात वॅगनसाठी 'वाघीण' मिळालं. वाघांची गाडी ती वाघीण, हे मला फार आवडलं. वापरू का?

—

आवडण्यासारखंच आहे, पण वापरू नका. या वाघिणीचा वाघाशी काही संबंध नाही. रेल्वेबरोबर 'वॅगन' शब्द आला, आपल्या कानांना तो ओळखीच्या 'वाघीण'सारखा वाटला आणि तसाच रुळला. गाडी स्त्रीलिंगी, त्यामुळे लिंगही आपोआप जुळलं. 'मालगाडीच्या चार वाघिणी घसरल्या' असं वर्तमानपत्रात आजही छापून येतं आणि कोणी दचकत नाही. असं आपल्याकडे आधीही झालंय. धनगर मेंढरांभोवती लावतात ती जाळी म्हणजे वाघर. मूळ संस्कृत 'वागुरा', जाळं. त्यात 'घ' शिरला आणि वाघ नसलेल्या ठिकाणी वाघ ऐकू यायला लागला.

मात्र वाघीण म्हणजे रुळांवरची. घोडे जोडलेल्या गाडीला तसं म्हणताना मी कधी ऐकलेलं नाही. तुमच्या लेखात तर दोन्ही गाड्या एकत्र येणार, खरी पंचाईत तिथेच आहे. बार्नम या अमेरिकी सर्कसमालकाची सर्कस १८७२ मध्ये रेल्वेने फिरू लागली. तेव्हा जनावरं पिंजऱ्याच्या गाडीतून काढत नसत. सबंध गाडीच उताराच्या फळ्यांवरून उघड्या, सपाट वाघिणीवर चढवत आणि एका वाघिणीवरून पुढच्या वाघिणीवर ढकलत नेत. दोन्हींना एकच शब्द लावलात तर 'वाघिणीवर वाघीण चढवली, तिच्यात वाघीण होती' असं वाक्य होईल. बिचारी मुलं काय समजणार?

म्हणून रुळांवरची ती वाघीण आणि घोड्यांची ती पिंजरागाडी. पिंजरागाडीत पिंजराही दिसतो आणि चाकंही.

—

पिंजरागाडीला माझं अनुमोदन. फक्त एक गोष्ट लेखात जरूर सांगा. प्रवासात गजांवर लाकडी झडपा लावून घेत. गावातून मिरवणूक निघाली की झडपा काढत, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला वाघ फुकट दिसे आणि तिकीट काढायचा मोह होई. या गाड्या कोरीवकाम आणि सोनेरी रंगाने इतक्या नटवलेल्या असत त्या यासाठीच. पाणघोड्याच्या गाडीत तर पाण्याची टाकी असे. हे वाचलं तेव्हा मला त्या जिवाची कीव आली. नटवलेल्या गाडीत राहणाऱ्याची जागा केवढीशी, हेही मुलांना कळू द्या.

आणि मिरवणुकीतल्या 'टॅब्लो वॅगन'साठी नवा शब्द शोधू नका, 'चित्ररथ' आहेच. २६ जानेवारीमुळे तो प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.

—

आभार! चित्ररथ अगदी चपखल. मग वाजंत्री बसतात तो 'बँडवॅगन' वाद्यरथ म्हणू का? बार्नम अँड बेली सर्कशीचा १९०३ चा असा एक रथ ४० घोडे ओढायचे. त्याला 'गाडी' म्हणायला जीभ वळत नाही.

पुण्याचे दामू धोत्रे १९४० मध्ये रिंगलिंगच्या सर्कशीत बिबळ्यांचे खेळ करायला गेले, तेही लेखात घेतेय. शेवटची शंका: अनेकवचन पिंजरेगाड्या की पिंजरागाड्या?

—

पिंजरागाड्या. घोडागाडीचं घोडागाड्या होतं, तसंच. वाद्यरथ चालेल.