शॅम्पू, डिओ, लोशन आणि हॉर्मोन्स : खरी भीती की उगाच बाऊ?

निशिगंधा_
बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचता का कधी? मिथाइलपॅराबेन, प्रोपिलपॅराबेन (ही पॅराबेन म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून घालतात ती प्रिझर्व्हेटिव्ह) आणि शेवटी नुसतंच 'फ्रॅग्रन्स', बास, त्यात काय काय घातलंय ते सांगत नाहीत, थॅलेट्स (सुगंध टिकवायला घालतात ती रसायनं) असले तरी ते त्याच शब्दामागे लपतात. पॅराबेन इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनची नक्कल करतं, काही थॅलेट्स टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनच्या आड येतात. एकेका बाटलीत एवढंसंच असतं हो, पण फेसवॉश, शॅम्पू, लोशन, डिओ, लिपस्टिक, सगळ्याची बेरीज कोण करतं? माझं मत, जे धुऊन न जाता अंगावर राहतं त्यातलं सुगंधी आधी बंद करा.

खवचट_केमिस्ट
'पाणीपण केमिकलच' हा घिसापिटा डायलॉग मारत नाही, पण पॅराबेनची इस्ट्रोजेनगिरी आपल्या स्वतःच्या शरीरातल्या इस्ट्राडिओलपेक्षा (मुख्य इस्ट्रोजेन) हजारो पटींनी दुबळी आहे आणि बरंचसं एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर. सगळा गोंधळ 2004 च्या ब्रिटनमधल्या अभ्यासाने सुरू झाला, स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींत पॅराबेन सापडलं म्हणे, पण फक्त 20 नमुने आणि निरोगी पेशींशी तुलनाच नाही!! त्यावरून कॅन्सर होतो असं ठरवून मोकळे.

निशिगंधा_
बाहेर जातं पण रोज परत भरतोच ना आपण! 2016 साली कॅलिफोर्नियातला अभ्यास आला, 100 किशोरवयीन मुलींना 3 दिवस पॅराबेन-थॅलेट्स नसलेल्या वस्तू वापरायला दिल्या तर लघवीतलं मिथाइलपॅराबेन 44 टक्क्यांनी उतरलं, ट्रायक्लोसान (साबणात वगैरे घालतात ते जंतुनाशक) 36 टक्क्यांनी. म्हणजे येतं कुठून ते कळलं की.

खवचट_केमिस्ट
उतरलं, मान्य. त्याने हॉर्मोन्सना काय फायदा झाला? ते मोजलंच नव्हतं. आणि 'पॅराबेन-फ्री' करायच्या नादात कंपन्यांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घातलं, लोकांना अ‍ॅलर्जीचे चट्टे उठायला लागले, शेवटी युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममधून ते काढायला लावलं. आगीतून फुफाट्यात.

माऊताई
म्हणून मी सगळं नॅचरलच वापरते बाई, डोक्याला तापच नको

खवचट_केमिस्ट
@माऊताई लॅव्हेंडर आणि टी ट्री तेल नॅचरलच ना? 2007 मध्ये 3 लहान मुलग्यांची छाती वाढल्याची नोंद आली होती, ती तेलं असलेल्या वस्तू बंद केल्यावर उतरली. त्यावरही वाद चालूच आहे म्हणा.

रातकिडा
केमिस्टभाऊ, एवढं सगळं निर्धोक असतं तर युरोपने 2014 मध्ये 5 पॅराबेन बंद का केली? ट्रायक्लोसानला 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) हात धुवायच्या साबणातून का हाकललं?

खवचट_केमिस्ट
अरे ती 5 सुरक्षित आहेत हे दाखवायला पुरेसा डेटाच कंपन्यांनी दिला नव्हता, मिथाइल आणि इथाइल अजून चालतातच. ट्रायक्लोसानचं म्हणाल तर साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे आणि रोज वापरायला सुरक्षित आहे, हे दोन्ही कंपन्यांना दाखवता आलं नाही.

निशिगंधा_
मग तेच तर म्हणतेय मी!! सुरक्षित आहे हे दाखवायचं काम विकणाऱ्याचं, धोका सिद्ध करायचं आपलं नाही. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर मी पुराव्याची वाट बघत बसणार नाही, बाळाला सुगंधी लोशन लागतं कशाला मुळात? आणि हो, हे वाचून सनस्क्रीन फेकून देऊ नका कुणी, त्यातलं ऑक्सिबेन्झोन (ऊन अडवणारं रसायन) रक्तात उतरतं म्हणून नको वाटत असेल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या, जरा पांढरं दिसतं तोंड पण चालतंय.