नोकरीच्या रोजच्या ये-जेसाठी लहान इंजिनाची जुनी पिकअप: कोणती पाहावी?

सरोवराकाठी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी डेट्रॉइटच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो आणि नोकरीसाठी एम-१४ महामार्गाने ऍन आर्बरला जातो. एका बाजूचे अंतर सुमारे २५ मैल आहे आणि त्यातील बहुतेक प्रवास ७० मैलांच्या वेगाने होतो. आमची सेडान आता कॉलेजला निघालेल्या मुलीकडे जाणार असल्यामुळे मला दुसरी गाडी घ्यायची आहे, आणि ती पिकअप असावी असे मनात आहे. बागेची माती, लाकूड आणि वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीचे मखर एवढेच सामान तिच्यात जाईल. ट्रेलर ओढायचा नाही.

अंदाजपत्रक १२,००० डॉलरचे आहे. २००८ ते २०११ या काळातील २.३ लिटरची फोर्ड रेंजर आणि त्याच सुमाराची २.७ लिटरची टोयोटा टकोमा या दोन गाड्या मी पाहतो आहे. एका मित्राचे म्हणणे असे, की एवढ्या पैशांत आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची मोठी पिकअप मिळत असताना चार सिलिंडरच्या मागे लागू नये. लहान इंजिन महामार्गावर पुरेसे पडते का, पेट्रोलची बचत खरोखर किती होते आणि हिवाळ्यात अशा गाडीचे काय होते, हे अनुभवी लोकांनी सांगावे. सहा वर्षांचा मुलगाही अधूनमधून सोबत असेल.

चाकोरी

बचतीचा हिशेब आधी करू, कारण लहान इंजिनाचा सारा मोह तिथेच असतो. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले, तर तुमची ये-जा १२,००० मैलांची होते. २०११ च्या रेंजरचा सरकारी आकडा २.३ लिटर आणि मॅन्युअल गिअरसाठी दर गॅलनला २४ मैल असा आहे, तर त्याच गाडीच्या ४.० लिटर व्ही-६ आणि ऑटोमॅटिकसाठी तो १७ आहे. म्हणजे वर्षाला ५०० गॅलन विरुद्ध साधारण ७०६ गॅलन. गॅलनला सव्वातीन डॉलर धरले, तर फरक पावणेसातशे डॉलरच्या आसपास येतो.

मात्र यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात. तेच २.३ लिटरचे इंजिन ऑटोमॅटिकबरोबर घेतले, की आकडा २४ वरून २१ वर घसरतो. इंजिन लहान असूनही बचतीचा बराचसा भाग गिअरबॉक्स खाऊन टाकतो. त्यामुळे जाहिरातीत नुसते ‘चार सिलिंडर’ वाचून हुरळून जाऊ नये. क्लच दाबण्याची तयारी असेल, तरच रेंजरचे गणित पूर्णपणे तुमच्या बाजूने झुकते.

ताकदीविषयी म्हणाल, तर १४३ अश्वशक्तीची ही गाडी ७० च्या वेगाने निवांत धावते, पण त्या वेगाला पोहोचताना निवांतपणा विसरावा लागतो. महामार्गात शिरणाऱ्या जोडरस्त्यावर तिसरा गिअर शेवटपर्यंत ताणावा लागतो आणि इंजिनाचा आवाज बराच वाढतो. इंजिनाला त्याने काही होत नाही. शिवाय यात टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे, त्यामुळे ठरावीक मैलांनंतर बेल्ट बदलण्याचा खर्च येत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. २०१९ पासून आलेल्या नव्या रेंजरवरही ‘२.३’ असे लिहिलेले असते, पण ते टर्बो असलेले २७० अश्वशक्तीचे वेगळेच इंजिन आहे. जाहिराती चाळताना दोन्हींची गल्लत करू नका.

गंजमुक्त

इंजिनाची चर्चा जरूर करावी, पण मिशिगनमध्ये जुनी पिकअप घेताना पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो. तो फ्रेमचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा असतो. आपल्याकडे दर हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडते आणि या राज्यात गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी सक्तीची नाही. इतर काही राज्यांत जी गाडी तपासणीतच बाद झाली असती, ती इथे चकचकीत धुऊन विक्रीला उभी राहते.

टकोमाबाबत तर हे विशेष लक्षात ठेवावे. १९९५ ते २००० या वर्षांच्या टकोमांच्या फ्रेम इतक्या गंजल्या, की २००८ मध्ये टोयोटाने त्यांची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आणि अनेक गाड्या परत विकत घेतल्या. पुढे २००५ ते २०१० च्या टकोमांवरून खटला झाला आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन, तपासणीत खराब ठरलेल्या फ्रेम बदलून देण्याचे कंपनीने मान्य केले. तुम्ही पाहत असलेल्या बऱ्याच गाड्या याच वर्षांतल्या असणार. म्हणून विक्रेत्याला थेट विचारा, की फ्रेम बदललेली आहे का, आणि असल्यास कागद दाखवायला सांगा. बदललेली फ्रेम ही उणीव मुळीच नाही. इंजिन चांगले असेल, तर माझ्या मते अशी गाडी थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावी.

टकोमाच्या फ्रेमचा काही भाग पेटीसारखा बंद असल्यामुळे गंज आतून सुरू होतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. गाडीखाली झोपून मागच्या पाट्यांच्या (चाकांचे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या) पुढच्या टोकाजवळ हातोडीने हलकेच ठोकून पाहा. निरोगी लोखंड खणखणते, आणि कुजलेले लोखंड बद्द वाजते किंवा त्याचे पापुद्रे खाली पडतात. रेंजरची फ्रेम त्या मानाने बरी टिकते, पण मागच्या पाट्यांचे शॅकल (त्यांना फ्रेमशी जोडणारे दुवे) आणि ते ज्या कड्यांना अडकवलेले असतात, त्या कड्या हमखास सडतात. हे काम बोल्ट किंवा रिव्हेट कापून नवे भाग बसवण्याचे असल्यामुळे परवडते, फक्त ते किमतीतून आधीच वजा करून घ्यावे. ब्रेकच्या लोखंडी नळ्याही त्याच वेळी पाहून घ्या. आणि विक्रीच्या आदल्या आठवड्यात कोणी खालून ताजा काळा थर मारलेला दिसला, तर तो खरवडू देण्याची परवानगी मागा. परवानगी मिळाली नाही, तर आभार मानून घरी परता.

शक्य असेल, तर टेनेसी, जॉर्जिया किंवा त्याहून दक्षिणेकडची गाडी शोधा. तिकडे जाऊन गाडी चालवत आणण्याचा एका शनिवार-रविवारचा खर्च पुढची कित्येक वर्षे वसूल होत राहतो. मात्र गाडीचा इतिहास काढून ती जन्मभर तिकडेच होती, याची खात्री करा, नाहीतर इकडचीच गाडी तिकडून फिरून परत यायची.

दोन मुलांची आई

सहा वर्षांच्या मुलाचा उल्लेख तुम्ही शेवटी केलात, पण माझ्या दृष्टीने निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. रेंजरच्या लांब केबिनमध्ये मागे ज्या बाजूला तोंड करून बसायच्या घडीच्या जागा असतात, त्यांवर मुलांचे आसन बसवता येत नाही. उरते ती पुढची जागा, आणि तिथे प्रवासी बाजूची एअरबॅग बंद करण्याची किल्ली चालते आहे का, हे पाहावे लागेल. चार दारांची टकोमा घ्यावी, तर २.७ लिटरबरोबर ती सापडणे कठीण. मुलगा वरचेवर बरोबर असणार असेल, तर या दोन्ही गाड्यांचा फेरविचार करावा असे मला वाटते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. २००४ ते २०११ च्या रेंजर टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावण्याच्या मोहिमेत आहेत. २००६ च्या रेंजरमध्ये ही एअरबॅग फुटून चालकांचे मृत्यू झाले आहेत, आणि २०१८ मध्ये त्या वर्षाच्या ठरावीक गाड्या दुरुस्ती होईपर्यंत चालवूच नयेत, असे फोर्डने मालकांना कळवले होते. माझदाच्या बी-मालिकेतील पिकअप म्हणजे वेगळ्या नावाची रेंजरच असल्यामुळे तिलाही हेच लागू होते. दुरुस्ती फुकट होते. राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक टाकला, की दुरुस्ती बाकी आहे की नाही हे कळते. पैसे देण्याआधी हे पाहाच.

घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा रेंजरमध्ये २०१० पासून आणि टकोमात २००९ पासून सरसकट येऊ लागली. बर्फात मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी आणि मागे रिकामी असलेली पिकअप कशी वागते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दोन वर्षांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सरोवराकाठी

सर्वांचे मनापासून आभार. मुलगा महिन्यातून एखाद्या वेळीच सोबत असतो, आणि लांबच्या प्रवासासाठी पत्नीची गाडी आहेच. मॅन्युअल चालवायला मला आवडते. फोर-व्हील ड्राइव्ह नसेल, तर एम-१४ वर जानेवारीत निभाव लागेल का, एवढेच विचारायचे राहिले. आणि मित्राच्या व्ही-८ ला काय उत्तर देऊ?

चाकोरी

रेंजरमध्ये २.३ लिटरसोबत फोर-व्हील ड्राइव्ह मिळत नसे. टकोमाच्या २.७ लिटरसोबत ती मिळते, पण मग वजन वाढते आणि मायलेज कमी होते. एम-१४ वर मीठ लवकर पडते, म्हणून खरा प्रश्न तुमच्या गल्लीतला असतो. चार खरे हिवाळी टायर आणि मागच्या एक्सलच्या बरोबर वर, नीट बांधून ठेवलेली वाळूची पोती, एवढ्यावर बहुतेक दिवस निघतात. पोती हौद्यात सैल ठेवू नका, अचानक ब्रेक लागल्यास ती केबिनवर येऊन आदळतात. गाडी पाहताना दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर एक्सलचा कोड असतो, तोही टिपून घ्या. मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर पोहोचवणारा भाग) असलेली गाडी मिळाली, तर बर्फात तिचा चांगलाच उपयोग होतो.

मित्राला सांगा, की त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. जुन्या लहान पिकअपना मागणी टिकून आहे, कारण रेंजर डिसेंबर २०११ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर बरीच वर्षे त्या आकाराची गाडीच बाजारात नव्हती. त्यामुळे मोठ्या पिकअपच्या तुलनेत जुन्या टकोमाला अवाजवी भाव येतो आणि पेट्रोलची काही वर्षांची बचत खरेदीच्या दिवशीच खर्ची पडते. मात्र ओढायला काहीच नसताना व्ही-८ पोसण्यात अर्थ नाही. तुमच्याच रकमेत २०१५ नंतरची, २.५ लिटर चार सिलिंडरची शेवरले कोलोरॅडो जास्त मैल झालेली का होईना, मिळू शकते. तिची अश्वशक्ती २०० आहे, महामार्गावर ती रेंजरपेक्षा कितीतरी शांत चालते, आणि चार दारांची मिळाली तर मुलाचाही प्रश्न सुटतो. फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड दर गॅलनला ३७ मैल देते, पण ती तुमच्या रकमेत बसेलसे वाटत नाही.

तुमच्या जागी मी असतो, तर २०१० किंवा २०११ ची, दक्षिणेकडून आणलेली मॅन्युअल रेंजर आधी शोधली असती, आणि दोन महिन्यांत ती सापडली नसती, तर कोलोरॅडो पाहायला गेलो असतो.

गंजमुक्त

सहमत आहे, फक्त कोलोरॅडो पाहायला जातानाही हातोडी बरोबर घ्या. आणि मिशिगनमध्ये खासगी व्यवहारातल्या गाडीवरही सहा टक्के कर द्यावा लागतो, त्यासाठी १२,००० पैकी काही रक्कम आधीच बाजूला ठेवा.