विधान परिषदेतही आपलं मत असतं

वर एका ताईंनी लिहिलंय की विधानसभेचे 288 आमदार आपण निवडतो, परिषदेशी मात्र आपला संबंध नाही. असं नाही हो ताई. परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागांवरचे आमदार पदवीधर मतदार निवडतात आणि 7 जागांवरचे शिक्षक मतदार. आपलं कोल्हापूर पुणे विभागाच्या मतदारसंघात येतं, सांगली, सातारा, सोलापूरही त्यातच.

खरी अडचण नावनोंदणीची. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथं चालत नाही. पदवीधर मतदाराला पदवी घेऊन 3 वर्षं झालेली हवीत आणि दर निवडणुकीला यादी नव्यानं होते, म्हणजे अर्ज पुन्हा भरायचा. आमच्या राजारामपुरीत कितीतरी शिकलेली माणसं यामुळंच राहतात, फार वाईट वाटतं. मतपत्रिकेवर पसंतीचे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे, तेही केंद्रावर मिळालेल्या पेनानंच.